विझार्ड किती उपयोगी, फायटर किती उपयोगी: आपल्याच टेबलावर मोजून ठरवण्याची पद्धत

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या भूमिकाखेळात पाचव्या लेव्हलचा (प्रगतीच्या पायरीचा) विझार्ड, म्हणजे जादूगार, दिवसाला फार तर तीन फायरबॉल, म्हणजे अनेकांना एकदम भाजणारे अग्निगोळे, टाकतो, आणि पाचव्या लेव्हलचा फायटर, म्हणजे लढवय्या, दिवसभर तलवार चालवतो. या दोघांत अधिक उपयोगी कोण, हा वाद बहुधा फायरबॉलच्या आणि तलवारीच्या फाशांवरून रंगतो. ‘दिवस’ या शब्दाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. माझ्या मते उत्तर त्याच शब्दात दडलेले आहे. दोन लाँग रेस्टच्या (खर्चलेली शक्ती परत देणाऱ्या लांब झोपेच्या) मध्ये किती चकमकी होतात हे ठाऊक नसताना विझार्ड आणि फायटर यांची तुलना करणे म्हणजे शर्यतीचे अंतर न सांगता धावपटूंची तुलना करणे होय.

पुढील पद्धत दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: नव्या मोहिमेसाठी पात्र निवडणारा खेळाडू, आणि टेबलावर एकच पात्र सगळा खेळ खाऊन टाकत आहे अशी शंका आलेला डीएम, म्हणजे खेळ चालवणारा सूत्रधार. आकडेमोडीसाठी मी डंजन्स अँड ड्रॅगन्सची २०१४ ची पाचवी आवृत्ती घेतली आहे, कारण ती बहुतेकांच्या परिचयाची आहे. परंतु पद्धत कोणत्याही नियमावलीला लावता येते. कागद, पेन्सिल, नियमपुस्तक आणि मागील तीन-चार सत्रांच्या नोंदी एवढे साहित्य पुरते.

पहिली पायरी: कोणत्या नियमावलीबद्दल बोलत आहोत, ते निश्चित करावे

‘जादूगार शेवटी सर्वांना मागे टाकतो’ हे विधान काही आवृत्त्यांत खरे, काहींत अर्धवट खरे आणि काहींत चुकीचे आहे, म्हणून सुरुवात येथूनच करावी लागते.

या पात्राचा उगम युद्धखेळांत आहे. १९७१ मध्ये आलेल्या चेनमेल या लघुपुतळ्यांच्या युद्धखेळात जादूगार हा जवळजवळ चालता-बोलता तोफखाना होता. त्याच्या अग्निगोळ्याची व्याप्तीही दगड फेकणाऱ्या मोठ्या यंत्राच्या माऱ्यावरून ठरत असे. १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स आला तेव्हा त्यात पात्रांचे तीनच प्रकार, म्हणजे वर्ग, होते: फायटिंग-मॅन (लढवय्या), मॅजिक-यूजर (जादूगार) आणि क्लेरिक (धर्मगुरू). पुढे १९७८ च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत मॅजिक-यूजरचे जीव (किती हानी सोसता येते तो आकडा) चार बाजूंच्या फाशावर ठरत, पहिल्या लेव्हलला त्याच्याकडे दिवसाला एकच स्पेल (मंत्र) असे, चिलखत घालण्याची मुभा नसे, आणि दुसरी लेव्हल गाठण्यासाठी फायटरला २,००० अनुभवगुण लागत तेथे त्याला २,५०० लागत. मंत्र पूर्ण होण्याआधी घाव बसला तर स्पेल वाया जाई. फायटरला नवव्या लेव्हलनंतर गढी बांधून अनुयायी मिळवण्याचा हक्क होता. जादूगार पुढे प्रबळ होतच असे, पण त्या प्राबल्याची किंमत आधी भरावी लागे, आणि बरेच मॅजिक-यूजर ती भरताभरताच मरत.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीने ही किंमत जवळपास माफ केली. सर्व वर्गांसाठी अनुभवगुणांचा तक्ता एकच झाला, घाव बसूनही मंत्र टिकवण्यासाठी फासा टाकण्याची संधी मिळाली, आणि फायटरच्या अनुयायांची सोय त्याच्या वर्गातून गेली. फायटर सरळ रेषेत वाढतो आणि विझार्ड संख्येच्या वर्गाच्या पटीत (लेव्हल दुप्पट तर ताकद चौपट) वाढतो, ही प्रसिद्ध तक्रार मुख्यतः या आवृत्तीला लागू पडते. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने दोघांनाही दर फेरीला, दर चकमकीला आणि दिवसातून एकदा वापरायच्या शक्ती सारख्याच साच्यात देऊन तो प्रश्न मिटवला. मात्र फायटर खेळल्यासारखे वाटतच नाही, असे म्हणणारे खेळाडू त्यातून निर्माण झाले. पाचव्या आवृत्तीने मधला मार्ग काढला: विझार्डला न संपणारे कँट्रिप, म्हणजे छोटे मंत्र, दिले, पण टिकणाऱ्या बहुतेक प्रभावी स्पेलांवर कॉन्सन्ट्रेशनची (एकाग्रतेची) अट घालून एका वेळी असा एकच स्पेल चालू ठेवता येईल असा लगाम घातला.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत चित्र आणखी वेगळे आहे. तेथे फायटरचा नेम पहिल्या लेव्हलपासूनच इतर बहुतेक लढवय्यांपेक्षा दोनने सरस असतो, आणि लक्ष्यापेक्षा दहाने अधिक आले की क्रिटिकल (दुप्पट हानीचा घाव) होत असल्यामुळे हे दोन गुण दिसतात त्यापेक्षा बरेच मोलाचे ठरतात. उलट, शत्रूला एका झटक्यात निकामी करणाऱ्या बऱ्याच स्पेलांचा परिणाम वरच्या लेव्हलच्या शत्रूवर एका पायरीने सौम्य होतो. त्या टेबलावर ‘फायटर बिचारा’ ही सहानुभूती कोणी दाखवली, तर त्याने नियम वाचलेले नाहीत असे समजायला हरकत नाही.

दुसरी पायरी: दोन विश्रांतींमधील चकमकी मोजाव्यात

मागील सत्रांच्या नोंदी काढून प्रत्येक लाँग रेस्टच्या आधी किती चकमकी झाल्या आणि मध्ये किती शॉर्ट रेस्ट (छोटे विसावे) घेतले, ते लिहून काढावे. पाचव्या आवृत्तीच्या डीएमसाठीच्या पुस्तकात दिवसाला मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी पार्टी, म्हणजे पात्रांचा गट, पेलू शकेल असे गृहीत धरले आहे, आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट. प्रत्यक्षात, कथेवर भर देणाऱ्या टेबलांवर हा आकडा एक किंवा दोनच निघण्याची शक्यता अधिक असते, कारण एका संध्याकाळच्या सत्रात एक मोठी लढाई होते आणि सत्र संपताना पार्टी झोपी जाते.

मी स्वतः चालवलेल्या एका मोहिमेत हाच घोटाळा झाला होता. दर सत्राला एक भव्य लढाई आणि लगेच मुक्काम, असा क्रम मी नकळत लावला होता. विझार्ड प्रत्येक लढाईत हात सैल सोडून खर्च करी आणि फायटर खेळणारा मित्र आपली पाळी येईपर्यंत फासे एकावर एक रचत बसे. त्याच्या पात्रात काहीच चूक नव्हती. माझ्या दिनक्रमात होती.

तिसरी पायरी: एका दिवसाचा हिशेब मांडावा

येथे थोडे थांबून काटेकोर आकडेमोड करणे भाग आहे. पाचव्या लेव्हलची दोन पात्रे घेऊ. फायटरचे बळ १८, हातात दोन्ही हातांनी पेलायची मोठी तलवार, नेम अधिक ७ (वीस बाजूंच्या फाशात ७ मिळवायचे), आणि प्रत्येक घावाची सरासरी ११. विझार्डची बुद्धिमत्ता १८, त्याचाही नेम अधिक ७, आणि त्याच्या स्पेलांना शत्रूने टाकायच्या सेव्हचे (बचावाच्या फाशाचे) लक्ष्य १५. शत्रूचा आर्मर क्लास (घाव लागण्यासाठी फाशाने गाठायचा आकडा) १५ धरू आणि चपळाईचा सेव्ह अधिक २. क्रिटिकल आणि इतर बारकावे सोडून देऊ.

फायटरचा घाव ६५ टक्के वेळा लागतो, म्हणून एका घावाची अपेक्षित हानी ७.१५; पाचव्या लेव्हलला त्याला दोन घाव मिळतात, म्हणजे दर फेरीला १४.३. विझार्डचा फायर बोल्ट हा कँट्रिप पाचव्या लेव्हलला दहा बाजूंचे दोन फासे टाकतो. त्याचीही सरासरी ११ आणि तोही ६५ टक्के वेळा लागतो. म्हणजे फुकटच्या माऱ्यात विझार्ड बरोबर अर्धा फायटर ठरतो, आणि हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे. फायरबॉलचे सहा बाजूंचे आठ फासे सरासरी २८ देतात. सेव्ह यशस्वी झाल्यास निम्मी हानी, म्हणून प्रत्येक शत्रूमागे अपेक्षित हानी २२.४. विझार्डकडे तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट (स्पेल टाकण्याच्या मोजक्या संधी) असतात आणि आर्केन रिकव्हरी या क्षमतेमुळे शॉर्ट रेस्टनंतर आणखी एक परत मिळवता येतो. ते तीन फायरबॉल येथूनच येतात.

आता तीन वेगवेगळे दिवस पाहू. पहिल्या दिवशी सहा चकमकी, प्रत्येकी तीन फेऱ्या, आणि फायरबॉलच्या कक्षेत दर वेळी तीन शत्रू. फायटर अठरा फेऱ्यांत २५७ आणि दोन शॉर्ट रेस्टमुळे तीनदा वापरता आलेल्या ॲक्शन सर्ज या जादा वारांच्या क्षमतेतून ४३, असे सुमारे ३०० करतो. विझार्ड तीन फायरबॉलमधून २०२ आणि उरलेल्या पंधरा फेऱ्यांत फायर बोल्टने १०७, असे सुमारे ३०९ करतो. दोघे जवळजवळ सारखे, आणि विझार्डचे पहिल्या-दुसऱ्या पातळीचे सात स्लॉट अजून हिशेबात धरलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी चकमकी तेवढ्याच, पण दर वेळी शत्रू एकच आहे. फायटर ३०० वरच राहतो आणि विझार्ड १७४ वर घसरतो. तिसऱ्या दिवशी चार फेऱ्यांची एकच चकमक, शत्रू तीन आणि त्यानंतर झोप. विझार्ड दोन फायरबॉल आणि दोन फायर बोल्ट मिळून १४९ करतो, फायटर ॲक्शन सर्ज धरून ७१.५. तीच दोन पात्रे, तेच नियम; एका दिवशी बरोबरी, दुसऱ्या दिवशी फायटर पावणेदोन पट आणि तिसऱ्या दिवशी विझार्ड दुप्पट.

आपल्या नोंदींतील चकमकींची संख्या, फेऱ्या आणि एका कक्षेत सापडणारे शत्रू हे तीन आकडे याच मांडणीत घालून पाहावेत. मांडताना एक खबरदारी घ्यावी: वाया गेलेली हानी मोजू नये. साध्या गॉब्लिनचे (छोट्या राक्षसाचे) जीव ७ असतात. चार गॉब्लिनांवर फायरबॉल टाकून कागदावर ९० ची हानी दिसली, तरी खरी हानी २८ पेक्षा अधिक नसते. तेथे फायटरचा साधा घावही पुरतो, फक्त एका वेळी एकाच गॉब्लिनला.

चौथी पायरी: मार कोण खातो, तेही मोजावे

उपयोगिता म्हणजे केवळ हानी नव्हे. विझार्ड किती वेळ उभा राहतो हा प्रश्न त्याच्या फाशांइतकाच महत्त्वाचा आहे. दोघांचीही प्रकृती अधिक २ धरली, तर सरासरीने पाचव्या लेव्हलच्या फायटरचे जीव ४४ आणि विझार्डचे ३२ होतात. अवजड चिलखतातील फायटरचा आर्मर क्लास १७ धरू आणि मेज आर्मर हा बचावाचा स्पेल टाकलेल्या विझार्डचा १५. समोर ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, आहे. त्याचा नेम अधिक ६ आणि घाव सरासरी १३. फायटरला तो ५० टक्के वेळा लागतो आणि विझार्डला ६० टक्के. फायटर सुमारे सात फेऱ्या टिकतो, सेकंड विंड (स्वतःचे काही जीव भरून काढण्याची क्षमता) वापरल्यास आठच्या वर. विझार्ड सुमारे चार फेऱ्या. शील्ड स्पेल टाकून विझार्डला आपला आर्मर क्लास २० वर नेता येतो हे खरे, पण त्यात पहिल्या पातळीचा एक स्लॉट आणि त्या फेरीतील रिॲक्शन (आपल्या पाळीबाहेर करता येणारी एकच कृती) खर्ची पडते.

चार ओगरांची लढाई घेतली की दोघांचे एकमेकांवरचे अवलंबन स्पष्ट दिसते. ओगराचे जीव ५९, आर्मर क्लास ११ आणि चपळाई कमी. विझार्ड एकटा असेल तर दोन फायरबॉलनंतर प्रत्येक ओगराचे सुमारे १० जीव उरतात, म्हणजे चारही ओगर उभे असतात आणि पूर्ण ताकदीने मारतात. चौघांनी घेरले तर एका फेरीची अपेक्षित हानी ३१, आणि विझार्डचे जीव ३२. फायटर एकटा असेल तर पहिल्या फेरीत ॲक्शन सर्ज धरून सुमारे ३७ ची हानी करतो, एकही ओगर पडत नाही, आणि दोन फेऱ्यांत तो स्वतः आडवा होतो. दोघे एकत्र असले की पहिल्याच फेरीत फायरबॉलचे २४.५ आणि फायटरचे ३७ मिळून एक ओगर पडतो; दुसऱ्या फायरबॉलनंतर उरलेल्या तिघांचे दहा-दहा जीव राहतात, आणि सरासरी ११ चा घाव ८५ टक्के वेळा लागणारा फायटर त्यांना एकेका घावात निकालात काढू लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत लढाई संपते. विझार्डची हानी पसरट असते आणि फायटरची टोकदार. जखमी शत्रू धडधाकट शत्रूइतकाच जोरात मारतो, त्यामुळे पसरट हानीचे चीज करायला टोकदार हानी लागते. फायरबॉलच्या कक्षेत फायटर सापडणार नाही एवढे भान अर्थातच विझार्डने ठेवायचे आहे.

पाचवी पायरी: हानीऐवजी नियंत्रण वापरून पुन्हा हिशेब करावा

अनुभवी विझार्ड वरच्या लढाईत फायरबॉल टाकणारच नाही. तो हिप्नॉटिक पॅटर्न हा मोहिनी घालणारा स्पेल टाकेल. ओगराची समज इतकी कमी असते की १५ चे लक्ष्य तो केवळ २० टक्के वेळा गाठतो. चारपैकी सरासरी तीन ओगर भान हरपून उभे राहतील आणि एकच लढत राहील. स्पेल एक मिनिट, म्हणजे दहा फेऱ्या टिकतो. फायटर त्या एकाला संपवेल, मग पुढच्याला, मग त्याच्या पुढच्याला. विझार्डचा एकच स्लॉट खर्च झाला आणि लढाईचे चार स्वतंत्र तुकडे पडले. विझार्डचे खरे मोल येथे आहे: तो शत्रू मारत नाही, लढाईचा आकार बदलतो. वेब (जाळे), स्लो (गती मंदावणे) आणि भिंती उभ्या करणारे स्पेल हे याच जातीचे.

या सामर्थ्याला तीन फटी आहेत आणि त्या हिशेबात धरल्याच पाहिजेत. पहिली फट कॉन्सन्ट्रेशनची. विझार्डला १३ ची हानी झाली तर त्याला एकाग्रता टिकवण्यासाठी १० चे लक्ष्य गाठावे लागते. प्रकृती अधिक २ असताना तो ६५ टक्के वेळा टिकतो, म्हणजे प्रत्येक घावामागे तीनात एकदा सगळी करामत कोसळते. म्हणून शत्रूला विझार्डपर्यंत पोहोचू न देणारा फायटर हा त्या स्पेलचाच भाग समजावा. दुसरी फट म्हणजे मुळात बाधा न होणारे शत्रू. मोहिनी न लागणाऱ्यांपुढे हिप्नॉटिक पॅटर्न फुकट जातो. तिसरी फट मोठ्या शत्रूंची. प्रौढ ड्रॅगन दिवसातून तीनदा, फसलेला सेव्ह यशस्वी झाला असे ठरवू शकतो. विझार्डचे पहिले तीन प्रभावी स्पेल त्यात खपतात, आणि तोवर लढाई बहुतेक संपत आलेली असते. फायटरच्या तलवारीला असा कोणताही नकाराधिकार लागू होत नाही. मोहिमेतील शेवटच्या लढाया एकेकट्या महाबलाढ्य शत्रूंशी असतील, तर फायटरच्या बाजूने ही मोठी नोंद करावी.

सहावी पायरी: लढाईबाहेरचे तास मोजावेत

माझ्या मते खरी विषमता येथे आहे, आणि हानीचे आकडे कितीही जुळवले तरी ती मिटत नाही. मागील एका सत्रातील लढाईबाहेरचे अडथळे लिहून काढावेत: बंद दार, दरी, अनोळखी लिपी, पहारा, खोटे बोलणारा सरदार. प्रत्येक अडथळ्यापुढे कोणत्या पात्राने तो दूर केला आणि त्यासाठी काय खर्च केले, ते नोंदवावे.

विझार्डकडे अडथळा रद्द करणारी साधने असतात. दरीवर फ्लाय (उडणे), दारावर नॉक (कुलूप उघडणे), पहाऱ्यावर इनव्हिजिबिलिटी (अदृश्य होणे). शिवाय रिच्युअल म्हणून टाकता येणारे डिटेक्ट मॅजिक (जादू ओळखणे) किंवा काँप्रिहेंड लँग्वेजेस (अनोळखी भाषा समजणे) यांसारखे स्पेल, त्याच्या मंत्रवहीत लिहिलेले असले तर, आधी तयार न करता आणि स्लॉट न खर्चता दहा मिनिटे अधिक देऊन टाकता येतात. टायनी हट हा सुरक्षित निवारा उभारणारा स्पेल तर थेट दुसऱ्या पायरीवरच हात घालतो, कारण सुरक्षित मुक्काम मिळाला की चकमकींची संख्या ठरवण्याचा अधिकार डीएमच्या हातून निसटून विझार्डच्या हातात जातो. फायटरकडे या सगळ्याच्या जागी बळाचा किंवा चपळाईचा फासा असतो, आणि फासा फसू शकतो. २०२४ च्या सुधारित नियमांनी फसलेल्या फाशात सेकंड विंड खर्चून भर घालण्याची सोय फायटरला दिली आहे. ती स्वागतार्ह आहे, तरी उडता येणे आणि उडी मारता येणे यांतील अंतर तिने भरून निघत नाही.

तरीही विझार्डची ही सर्वज्ञता कागदावर दिसते तितकी हाताशी नसते. पाचव्या लेव्हलला, बाहेरून काही न उतरवल्यास, त्याच्या वहीत चौदा स्पेल असतात आणि त्यांपैकी नऊच त्या दिवसासाठी तयार करता येतात. नवा स्पेल वहीत उतरवायला पातळीमागे दोन तास आणि पन्नास सुवर्णमुद्रा लागतात. नॉकचा आवाज तीनशे फुटांपर्यंत ऐकू जातो. आणि दरी ओलांडण्यासाठी खर्चलेला तिसऱ्या पातळीचा स्लॉट पलीकडच्या लढाईत परत येत नाही. दिवस लांबलचक असेल तर शहाणा विझार्ड फायटरच्या कमरेला दोर बांधून त्यालाच दरी ओलांडायला सांगतो.

सातवी पायरी: मोहीम कोणत्या लेव्हलपर्यंत जाणार, ते विचारावे

पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला फायटर निःसंशय अधिक उपयोगी असतो. पहिल्या लेव्हलचा आठ जीवांचा विझार्ड एका चांगल्या घावात पडतो आणि त्याच्याकडे आर्केन रिकव्हरी धरून दिवसाला तीनच स्लॉट असतात. तिसरी ते दहावी हा सर्वांत समतोल पट्टा आहे. अकराव्या लेव्हलला फायटरला तिसरा घाव मिळतो, तर विझार्डला सहाव्या पातळीचे स्पेल, तेराव्याला टेलिपोर्ट (क्षणात दूर पोहोचणे), सतराव्याला नवव्या पातळीचे स्पेल, ज्यांत विश (इच्छापूर्ती) आहे. त्या उंचीवर तुलनेला अर्थ राहत नाही. मात्र बहुतेक मोहिमा तेथवर पोहोचण्याआधीच विरतात, म्हणून विसाव्या लेव्हलच्या विझार्डचे गुणगान ऐकून पहिल्या लेव्हलचे पात्र निवडू नये.

आठवी पायरी: निवड केल्यावर पात्र कसे घडवावे

नोंदींवरून दिवस लांब, शत्रू एकटे-दुकटे आणि लेव्हल खालची असे दिसत असेल, तर फायटर घ्यावा. दिवस आखूड, शत्रू घोळक्याने येणारे आणि लढाईबाहेरचा खेळ भरपूर असेल, तर विझार्ड घ्यावा. पार्टीत दोघांपैकी एक आधीच असेल तर दुसरा घेणे जवळजवळ नेहमीच फायद्याचे ठरते. ओगरांच्या हिशेबाने ते दाखवलेच आहे.

विझार्ड घेणाऱ्याने तयार करायच्या स्पेलांपैकी किमान दोन स्वतःच्या बचावाचे, दोन नियंत्रणाचे आणि एकच मोठ्या हानीचा ठेवावा. उरलेले त्या दिवसाच्या अपेक्षित अडथळ्यांप्रमाणे निवडावेत. नियंत्रणाचे दोन स्पेल वेगवेगळ्या सेव्हवर चालणारे असावेत, म्हणजे चपळ शत्रूवर एक आणि मंदबुद्धी शत्रूवर दुसरा वापरता येतो. रिच्युअल म्हणून चालणारे स्पेल वहीत असावेत, तयार स्पेलांच्या यादीत नव्हे. फायर बोल्टला कमी लेखू नये, कारण लांब दिवसात बहुसंख्य फेऱ्या त्याच्यावरच निघतात. आणि हातचा राखून खेळावे: प्रत्येक चकमकीच्या पहिल्या फेरीत, एकही स्लॉट न खर्चता ही लढाई जिंकता येईल का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर होकारार्थी असेल तर कँट्रिप टाकून गप्प बसावे. हे जमणारे खेळाडू थोडे असतात.

फायटर घेणाऱ्याने दूरवर मारा करणारे एक शस्त्र नक्की बाळगावे, कारण उडणाऱ्या शत्रूपुढे नुसती तलवार म्हणजे हात चोळत बसणे. पाचव्या आवृत्तीत फायटरला गुणवाढीच्या सात संधी मिळतात आणि विझार्डला पाच. या दोन अधिकच्या संधी बळ वाढवण्यात न घालवता समजेचा सेव्ह सुधारण्यासाठी किंवा लढाईबाहेर उपयोगी पडेल अशा फीटसाठी (विशेष कौशल्यासाठी) खर्चाव्यात. ॲक्शन सर्ज शेवटच्या लढाईसाठी साठवून ठेवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. ती शॉर्ट रेस्टने परत येते, तेव्हा दर दोन चकमकींमागे एकदा वापरलीच पाहिजे, आणि शॉर्ट रेस्टचा आग्रह धरण्यात फायटरने संकोच करू नये.

नववी पायरी: डीएमने काय बदलावे

विझार्डचे स्पेल कापणे किंवा प्रत्येक शत्रूला जादूपासून संरक्षण देणे हा उपाय नव्हे. त्याने एका खेळाडूचा आनंद जातो आणि दुसऱ्याचा वाढत नाही. आधी दिनक्रम बदलावा. कथेत घड्याळ असू द्यावे: अमावास्येला विधी पूर्ण होणार आहे, कैद्याला पहाटे हलवणार आहेत, पूर चढत आहे. मग टायनी हटमध्ये आठ तास झोपणे शक्य असले तरी परवडत नाही. एवढ्याने भागत नसेल, तर डीएमच्या पुस्तकातील पर्यायी नियम वापरावा, ज्यात शॉर्ट रेस्ट आठ तासांचा आणि लाँग रेस्ट सात दिवसांचा होतो. प्रवासावर आधारलेल्या संथ मोहिमांना तो विशेष मानवतो. मात्र तो मोहिमेच्या मध्येच लादू नये, आधी सांगून लावावा.

दुसरा बदल शत्रूंच्या मांडणीत करावा. फायरबॉलचे वर्तुळ चाळीस फूट रुंद असते. धनुर्धारी त्याहून दूरदूर उभे राहिले, काही शत्रू दुसऱ्या फेरीत मागच्या दाराने आले, तर एकाच स्पेलने सगळे संपत नाही आणि फायटरला धावण्याचे काम मिळते. तिसरा बदल साहित्याचा. २०१४ च्या नियमांत अनेक राक्षसांवर साध्या शस्त्रांची हानी निम्मी होते, म्हणून पाचव्या-सहाव्या लेव्हलपर्यंत फायटरला जादुई शस्त्र मिळाले नाही तर वरचा सगळा हिशेब त्याच्याविरुद्ध कलतो. उडवणारे बूट किंवा लांबवर नेणारा अंगरखा अशी लढाईबाहेरची साधने सापडली, तर ती आधी फायटरच्या वाट्याला जातील अशी व्यवस्था करणे यात पक्षपात नाही.

संगणकावरील खेळांबाबत

हीच पद्धत संगणकावरही चालते, फक्त दुसऱ्या पायरीचे उत्तर बहुधा खेळाडूच्याच हातात असते. २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ मध्ये लेव्हल बाराव्यापुढे जात नाही, म्हणजे विझार्डचा सर्वांत बेफाम टप्पा येतच नाही. परंतु लाँग रेस्टसाठी लागणारी शिधासामग्री सामान्य काठिण्यावर इतकी मुबलक मिळते की जवळपास प्रत्येक मोठ्या लढाईनंतर झोपता येते. शिवाय सेव्ह केलेला खेळ पुन्हा उघडण्याची सोय असल्यामुळे फसलेल्या स्पेलची जोखीमही उरत नाही. अशा खेळात विझार्ड अधिक उपयोगी ठरला, तर त्या निष्कर्षाला फारसे वजन देऊ नये. झोपेवर स्वतःच मर्यादा घालून, म्हणजे दोन शॉर्ट रेस्ट वापरल्याशिवाय लाँग रेस्ट घ्यायचा नाही असे ठरवून, तीच लढायांची मालिका एकदा विझार्डला पुढे ठेवून आणि एकदा फायटरला पुढे ठेवून खेळून पाहावी, आणि मगच तिसऱ्या पायरीचा कागद पुन्हा काढावा.